भुकेल्याचा हक्क : ज्यू समाजाच्या दानपरंपरेतून एक पाठ

ज्वारीची सोंगणी आटोपून कणसे खळ्यावर गेली की आमच्या अकोला जिल्ह्यातील गावी मायबहिणी पाट्या घेऊन रिकाम्या शेतात सरवा वेचायला निघत. धसकटांतून वाकून, मातीत पडलेले एकेक कणीस उचलत त्यांचा दिवस सरे. किती वेचू द्यायचे, कोणाला वेचू द्यायचे, कोणाला बांधावरूनच परत पाठवायचे, हे सारे शेतमालकाच्या मर्जीवर असे. एकदा माझ्या आईची पाटी अर्ध्यावर भरली असताना मालक आला आणि त्याने ती तिथेच ओतायला लावली. आईने मुकाट्याने ओतली. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "त्याचं वावर, त्याचं कणीस."

पुढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून प्राचीन हिब्रू समाजाचा अभ्यास करताना सरव्याचा कायदा वाचनात आला, तेव्हा आईचे ते वाक्य आठवले. त्या कायद्यानुसार खाली पडलेले कणीस शेतमालकाचे नव्हतेच. ते गरिबाचे होते. ज्या गोष्टीसाठी माझ्या आईला मान खाली घालावी लागली, ती जगाच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हक्क म्हणून लिहून ठेवलेली होती. भुकेल्याला अन्न देणे हे उपकार की न्याय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. निवासी विद्यालय चालविणाऱ्या, त्यात शिकलेल्या आणि आपली मुले तिथे ठेवणाऱ्या आपणा सर्वांचाही तो प्रश्न आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा पाठ.

त्सेदाका : न्यायाचा दुसरा शब्द

हिब्रू भाषेत दानाला 'त्सेदाका' म्हणतात. हा शब्द ज्या धातूपासून झाला, त्याचा अर्थ न्याय, नीती, सचोटी असा आहे. म्हणजे गरिबाला देणारा माणूस त्याच्यावर दया करीत नाही, त्याचे जे आहे ते त्याला पोचते करतो, ही कल्पना शब्दातच वसलेली आहे.

ज्यूंच्या धर्मग्रंथात शेतकऱ्याला सांगितले आहे की, पीक कापताना शेताचा कोपरा कापू नये, हातातून निसटलेली कणसे पुन्हा गोळा करू नयेत, शेतात विसरलेल्या पेंढीसाठी मागे फिरू नये. हे सारे गरीब, विधवा, अनाथ आणि परका यांचे. रूथ नावाची परदेशी विधवा बेथलेहेमच्या शेतात असाच सरवा वेचून सासूला जगवते, ही कथा प्रसिद्ध आहे. ज्यूंचा थोर राजा दावीद हा याच रूथचा पणतू. सरवा वेचणाऱ्या परकीय स्त्रीला आपल्या राजाची पूर्वज म्हणून अभिमानाने मिरविणारा समाज गरिबीकडे कसा पाहत असेल, याची कल्पना यावरून येते.

इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या विधिग्रंथात या नियमांचा बारकाईने विचार केला आहे. सोडायचा कोपरा पिकाच्या एक साठांशाहून कमी नसावा. तो कोणी न्यावा हे मालकाने ठरवू नये. एकाला मदत करून दुसऱ्याला टाळणारा मालक गरिबांना लुबाडतो, असे मानले गेले. कोपरा शेताच्या शेवटच्या टोकाला ठेवावा, याचीही कारणे दिली आहेत. त्यांतील एक असे की, जागा ठरलेली असली म्हणजे मालक कधी सोडतो याची वाट पाहत गरिबांचा दिवस फुकट जात नाही. गरिबाच्या वेळेलाही किंमत असते, हे इतक्या जुन्या काळी कोणाच्या तरी लक्षात आले होते.

शेती सुटून समाज शहरांत आला तेव्हा दोन संस्था उभ्या राहिल्या. रोजच्या शिजवलेल्या अन्नाचे सामुदायिक भांडे म्हणजे 'तमहुई' आणि दर आठवड्याला वाटला जाणारा सामुदायिक निधी म्हणजे 'कुप्पा'. ज्याच्याजवळ दोन जेवणांपुरते आहे त्याने भांड्यातून घेऊ नये. ज्याच्याजवळ चौदा जेवणांपुरते आहे त्याने निधीतून घेऊ नये. निधी गोळा करायला किमान दोन माणसे हवीत आणि वाटायला तीन. वाटपाला तीनच का? कारण पैशाच्या दाव्याचा निवाडा करायला तीन न्यायाधीश लागत आणि वाटप हाही निवाडाच मानला गेला. अंगावर वस्त्र मागणाऱ्याची चौकशी करता येईल. परंतु 'मला भूक लागली आहे' म्हणणाऱ्याला आधी वाढावे, चौकशी करू नये, असा दंडक पडला. ज्यूंच्या गरिबांबरोबर अन्य धर्मीय गरिबांनाही द्यावे, त्यानेच शांती नांदते, असेही ठरले.

जेरुसलेमच्या मंदिरात एक मौनाची खोली होती, असे मिश्नामध्ये नमूद आहे. देणारा तिथे गुपचूप ठेवून जाई आणि चांगल्या घरचा पण विपन्नावस्थेत सापडलेला माणूस गुपचूप घेऊन जाई. दोघांची गाठ पडत नसे. बाराव्या शतकातील थोर ज्यू विचारवंत मोशे बेन मैमोन यांनी हाच धागा पुढे नेऊन दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणारा सर्वांत खालच्या पायरीवर. देणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखत नाहीत, ते दान बरेच वरचे. आणि सर्वांत वरची पायरी कोणती? कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन माणसाला अशा स्थितीत आणणे की त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. त्यांनी आणखी एक सांगितले आहे : जो स्वतः दानावर जगतो त्यानेही त्यातून थोडे दान द्यावे. घेणारा हा केवळ घेणारा राहू नये, एवढा विचार त्यामागे आहे.

आपल्या महाराष्ट्रातील ज्यू

ही सारी परंपरा दूरदेशीची वाटेल, परंतु तिचे वारस शतकानुशतके मराठी बोलत आले आहेत. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्रायल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावांवरून त्यांची आडनावे पडली : केहिमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर. नवस फेडताना ते पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा 'मलिदा' करून सर्वांना वाटतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजातील मुलांसाठी शाळा काढली. ती पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. समाज लहान आणि बहुतांशी बेताच्या स्थितीतला. पण त्याने आपल्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली. आपल्या विद्यालयाच्या संस्थापकांची धडपड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेले डेव्हिड ससून हे या इतिहासातले धनाढ्य नाव. पुण्याचे ससून रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. नवी पेठेतील निराधार वृद्धांची 'निवारा' ही संस्था त्यांच्याच दातृत्वातून निघाली आणि आजही चालू आहे. दीडशेहून अधिक वर्षे निराधारांना दोन वेळचे जेवण आणि छप्पर मिळत राहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि इतिहासाच्या शिक्षकाने नाण्याची दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. ससून घराण्याची संपत्ती मोठ्या प्रमाणात चीनला जाणाऱ्या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातून आली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापूस-बाजारात जी तेजी आली, तिच्यात अमरावती, अकोला, खामगावकडचा कापूसही होता. तो पिकविणाऱ्या आणि वेचणाऱ्या हातांना त्या तेजीतून काय मिळाले, हा प्रश्न रुग्णालयाच्या भव्य इमारतीपुढे उभे राहूनही विचारता आला पाहिजे. दुसरे असे की, न्यायाची एवढी उंच कल्पना बाळगणाऱ्या समाजालाही भारतातील जातीच्या रोगाची लागण झाली. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असे भेद पडले. काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार होत नसे आणि प्रार्थनास्थळातही त्यांना दुय्यम मानले जाई. बगदादी ज्यूंनी तर सर्वच बेने इस्रायलांना कमी लेखले. दान उदंड असूनही समतेचा दुष्काळ असू शकतो, हे आपण लक्षात ठेवावे.

नरिमन हाऊस ते कळवा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये गॅव्रिएल होल्त्सबर्ग हे तरुण रब्बी आणि त्यांची पत्नी रिव्का यांचे घर वाटसरूंसाठी खुले असे. येणाऱ्याला तिथे जेवण मिळे. त्या हल्ल्यात दोघेही मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला सांभाळ करणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी प्राणाची पर्वा न करता वाचविले.

पुढे २०१२ मध्ये या रब्बींच्या स्मरणार्थ 'गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई' हे काम सुरू झाले. ठाण्याजवळच्या कळवा येथील झोपडवस्त्यांत जगभरचे ज्यू तरुण स्वयंसेवक येऊन मुलांना शिकवू लागले आणि वर्गाला येणाऱ्या मुलांना गरम जेवण मिळू लागले. पोटासाठी मुलाला कामावर जावे लागू नये, शाळेत आल्यानेच पोट भरावे, असा त्यामागचा हिशेब होता. या मुलांत ज्यू कोणी नव्हते. ज्यांच्या माणसाला या शहरात मारले गेले, त्यांनी याच शहराच्या परिसरातील परक्या मुलांचे ताट भरावयास घेतले.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हे जेवण बाहेरून डबे भरून आणले गेले नाही. वस्तीतल्याच स्त्रियांनी एकत्र येऊन ते शिजवायला घेतले, त्याचा मोबदला त्यांना मिळू लागला आणि 'मसाला मामाज' या नावाने त्यांची ओळख झाली. २०१८ मध्ये त्यांच्या पाककृती आणि जीवनकथा यांचे पुस्तकही निघाले. मुलाला जेवण आणि त्याच्याच वस्तीतल्या आईला रोजगार : मैमोन यांच्या पायऱ्यांवर हे काम कुठे बसते, ते वाचकांनीच ठरवावे.

तथागत आणि बाबासाहेब

आपल्या परंपरेत हा विचार नाही असे कोणी समजू नये. श्रावस्तीच्या सुदत्त श्रेष्ठीला जग 'अनाथपिंडिक' म्हणून ओळखते. निराधारांना घास देणारा, असा त्याचा अर्थ. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो थकलाभागला उपाशीपोटी धम्मश्रवणाला आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि तो तृप्त झाल्यावरच उपदेशाला आरंभ केला. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, ही शिकवण या प्रसंगाशी जोडलेली आहे.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राज्यात चोऱ्या वाढल्या असताना राजाला सल्ला मिळतो की, शिक्षांनी हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे आणि जनावरांना चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. मैमोन यांची सर्वांत वरची पायरी तथागतांच्या उपदेशात त्यांच्या कितीतरी आधी सांगितलेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हेच तत्त्व शासनाच्या भाषेत उतरले. खडी फोडून आणलेल्या धान्याची भाकर कोणाच्या उपकाराची नव्हती, हे वऱ्हाडातल्या मजुराला चांगले ठाऊक आहे.

येथे एक शंका निघेल. गावगाड्यात आपल्या पूर्वजांनाही धान्याचा, भाकरीचा 'हक्क' होताच की! होता, पण तो जन्माला आणि चाकरीला बांधलेला होता. दारोदारी फिरून शिळी भाकर गोळा करण्याला हक्क म्हणायचे, ही शब्दाची थट्टा होती. म्हणून बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मृतमांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषदेच्या अध्यक्षस्थानावरून त्यांनी स्वाभिमानाचाच मार्ग दाखविला. १९२८ मध्ये महार वतनाच्या बेडीवर घाव घालणारे विधेयक त्यांनी मांडले. भाकरीचा खरा हक्क माणसाला मोकळे करतो. जो त्याला दाराशी बांधून ठेवतो तो हक्क नव्हे.

नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून ठक्करबाप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या नव्या संस्थेने नागरी हक्कांच्या लढ्याला अग्रक्रम द्यावा असे सुचविले. ते मानले गेले नाही. ज्यांच्यासाठी काम, त्यांना कारभारात स्थान नाही, असे त्या संस्थेचे स्वरूप झाले. पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या दानाची परखड चिकित्सा केली. देणाऱ्याच्या हाती सर्व निर्णय आणि घेणाऱ्याच्या हाती फक्त ताट, असे दान माणसाला आतून दुबळे करते, हे मर्म त्यातून आपल्याला कळते.

ज्यूंच्या दुःखाशी बाबासाहेबांनी आपले दुःख जोडून पाहिले होते. युरोपात ज्यूंना ज्या कोंडवस्त्यांत राहावे लागे त्यांना 'घेट्टो' म्हणत आणि बाबासाहेबांच्या एका हस्तलिखिताच्या शीर्षकातच अस्पृश्यांना भारतातील घेट्टोची मुले म्हटले आहे. नाझींनी १९४० मध्ये वॉर्सा शहरातील घेट्टोभोवती भिंत घालून लाखो माणसांना उपाशी मारायला घेतले, तेव्हा आतल्या लोकांनी मिळेल त्या शिध्यावर सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली. ज्या न्यायाने आपण वॉर्सातील मुलाची भूक मोजतो, त्याच न्यायाने आज गाझातील मुलाचीही मोजली पाहिजे. भुकेला धर्म नसतो आणि न्यायालाही नसावा.

आपल्या भोजनगृहात

आता घरचा विषय. मी स्वतः वसतिगृहात वाढलो. सहावीत असताना एका सद्गृहस्थांनी वाढदिवसानिमित्त आम्हाला जिलेबी दिली. ताटे पुढे ठेवून आम्हाला बराच वेळ थांबविले, कारण छायाचित्रकार यायचा होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. खाली लिहिले होते, 'अनाथ मुलांना मिष्टान्न वाटप'. त्यात पहिल्या रांगेत मी होतो. माझे वडील जिवंत होते. शेतमजुरी करून दर महिन्याला पायी येऊन मला भेटून जात. ते छायाचित्र त्यांच्या दृष्टीस पडू नये, एवढीच त्या दिवशी माझी इच्छा होती. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. जिलेबीही चांगली होती. परंतु ती कशी दिली गेली, हे मी अजून विसरलेलो नाही.

अशा प्रसंगांत आज मोबाईलची भर पडली आहे. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपले समाजबांधव मनापासून अन्नदान करतात. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. म्हणूनच आपल्या माणसांपुढे काही सूचना ठेवतो.

पहिली : मुलाच्या ताटासमोर देणगीदाराचा फलक आणि कॅमेरा नसावा. देणग्यांची यादी या स्मरणिकेत जरूर छापावी, हिशेब उघडा असलाच पाहिजे. पण त्याची जागा कागदावर आहे, भोजनगृहात नाही.

दुसरी : धान्य आणि निधी गोळा करायला दोघे, खर्चाचा निर्णय करायला तिघे, ही जुनी रीत आपण स्वीकारावी. त्या तिघांत एक पालक आणि एक माजी विद्यार्थी असावा, म्हणजे ज्याचे मूल जेवते त्याचाही निर्णयात वाटा राहील.

तिसरी : एका दिवसाच्या मिष्टान्नापेक्षा वर्षभराच्या तूरडाळीची आणि भाजीची सोय मोलाची. माजी विद्यार्थ्यांनी याहून वरची पायरी गाठावी. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुलाला कामाची ओळख करून द्यावी, हुन्नर शिकवावा, छोट्या धंद्याला बिनव्याजी भांडवल द्यावे.

चौथी : आपल्या मुलांनीही द्यावे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने रस्ता झाडीत आणि मग भाकर घेत. घेण्याआधी देण्याची ती रीत याच अमरावती जिल्ह्याच्या मातीतली आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाने मूठभर धान्य बाजूला काढावे. ते मेळघाटातून सोंगणीसाठी खाली उतरणाऱ्या कोरकू मजुरांच्या मुलांपर्यंत पोचावे. मेळघाटातील कुपोषण आपल्याच जिल्ह्याचे दुःख आहे. ती मुले आपल्या समाजाची आहेत की नाहीत, हे विचारण्याचे कारण नाही.

आई आता नाही. सरव्याचा तो हिब्रू कायदा मी तिला एकदा सांगितला होता. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग त्या बाया पाटी घेऊन ताठ चालत असतील नं?" असे चालता यावे यासाठीच हे विद्यालय आहे. इथल्या भोजनगृहातून उठणारे प्रत्येक मूल तसेच ताठ चालावे, हे पाहणे आपल्या हाती आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. 'दया' आणि 'न्याय' यांतून दिलेल्या अन्नात घेणाऱ्याच्या दृष्टीने कोणता फरक पडतो?

२. गावगाड्यातील भाकरीचा 'हक्क' आणि हिब्रू कायद्यातील सरव्याचा हक्क यांची तुलना करा.

३. कूटदन्त सुत्तातील सल्ला आणि मैमोन यांची सर्वांत वरची पायरी यांत साम्य कोणते?

४. आपल्या घरी, वस्तीत किंवा संस्थेत होणाऱ्या अन्नदानाच्या पद्धतीत आपण कोणता एक बदल कराल?